अर्धपानझडी झाड अचानक बोडकं झालं: मेलंय की पालवी बदलतंय, हे कसं तपासायचं

झाडांच्या ज्या तक्रारीसाठी मला सगळ्यात जास्त वेळा बोलावलं जातं, ती जवळपास शब्दाला शब्द सारखी असते. "इतकी वर्षं हिरवंगार होतं, यंदा एकदम पिवळं पडलं आणि आठवड्याभरात सगळी पानं खाली. पाणी वाढवलं, खत घातलं, काही उपयोग नाही." जाऊन बघावं तर झाड महोगनी, करंज, कांचन, कुसुम, पर्जन्यवृक्ष किंवा बोगनवेल यांपैकी काहीतरी असतं. म्हणजे अर्धपानझडी. आणि बऱ्याचदा झाड मुळात ठणठणीत असतं. त्याला खरा त्रास होतो तो पानं गळाल्यानंतर घाबरून ओतलेल्या पाण्याचा. म्हणून पुढचं सगळं वाचून होईपर्यंत नळ बंद ठेवा, खताची पिशवी बाजूला ठेवा आणि करवत तर अजिबात हातात घेऊ नका.

लक्षणं

यांपैकी एक किंवा अनेक दिसत असतील तर ही पोस्ट तुमच्यासाठी आहे:

- कोरड्या हंगामात सगळी किंवा निम्मी पानं थोड्या दिवसांत गळाली.
- एक फांदी बोडकी, शेजारची हिरवी.
- त्याच जातीची दोन झाडं शेजारी आहेत. एक निष्पर्ण, दुसरं भरगच्च.
- मागच्या वर्षी पानं गळाली नव्हती, यंदा गळाली. किंवा याच्या उलट.
- पानं वाळली, तपकिरी झाली, पण गळायला तयार नाहीत.
- पालवी फुटली, पण पानं बारीक राहिली आणि माती ओली असूनही मान टाकली.

पहिली चार लक्षणं बहुतेक वेळा झाडाचा स्वभाव असतो. शेवटची दोन मात्र गंभीर आहेत. ती दिसत असतील तर तपासण्यांचा क्रम तोच ठेवा, पण सगळं एकाच दिवशी उरकून टाका.

या झाडांचा स्वभाव

हा भाग गाळून पुढे जाऊ नका, कारण निम्मं निदान इथेच होतं.

पूर्ण पानझडी झाड दरवर्षी ठरलेल्या काळात रिकामं होतं. सदाहरित झाड थोडी थोडी पानं वर्षभर बदलत राहतं. अर्धपानझडी झाड या दोहोंच्या मधलं. पाऊसकाळ बरा गेला असेल आणि मुळांपाशी ओल टिकली असेल, तर ते जेमतेम पातळ होतं. पाऊस लवकर आटपला तर तेच झाड पुरतं बोडकं होतं. काही जाती जुनी पानं टाकता टाकताच नवी काढतात, त्यामुळे रिकामेपणा चार-आठ दिवसांचाच असतो आणि कित्येक वर्षं कुणाच्या लक्षातही येत नाही. मग एखाद्या वर्षी तो लांबतो आणि घरात काळजी सुरू होते.

ही झाडं ज्या जंगलांतून येतात तिथे वर्षाचे काही महिने भरपूर पाऊस आणि मग काही महिने जवळपास कोरडे, असं चक्र असतं. अशा जंगलातही सगळी झाडं एकदम रिकामी होत नाहीत. ब्राझीलच्या अधिकृत वनस्पती-वर्गीकरणात कोरड्या हंगामात साधारण 20 ते 50 टक्के झाडं पानं टाकत असतील तर त्या जंगलाला अर्धपानझडी म्हणतात. 50 टक्क्यांच्या वर गेलं की ते पानझडी. म्हणजे एक झाड रिकामं आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून उभं असलेलं दुसरं हिरवं, हे या जंगलांचं नेहमीचं रूप आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. पनामामध्ये गटून सरोवरातल्या बॅरो कोलोरॅडो बेटावर 1986 पासून ओळीने काही कोरडे हंगाम जंगलाच्या दोन तुकड्यांना पाणी देऊन बघितलं गेलं. प्रत्येक तुकडा 2.25 हेक्टरचा. जमीन ओली ठेवूनही बहुतेक जातींची पानगळ आपल्या वेळेवरच झाली. तुमच्या अंगणातल्या झाडाची पानगळ पाणी ओतून थांबत नाही, यात नवल वाटायला नको.

कोस्टा रिकाच्या ग्वानाकास्ते भागात वनस्पतिशास्त्रज्ञ रॉल्फ बोर्चर्ट यांनी झाडांच्या खोडातल्या पाण्याचा बारकाईने अभ्यास केला. मऊ लाकडाची झाडं खोडात पाणी साठवतात आणि पावसाचा थेंब पडण्याआधीच त्या साठ्यावर फुलतात, काही तर पालवीही काढतात. कठीण लाकडाच्या, कोरड्या जागी उभ्या झाडांना तसा साठा करता येत नाही. ती पाऊस येईपर्यंत रिकामी थांबतात. त्यामुळे "शेजारच्याला पालवी आली, आमच्याला का नाही" याचं उत्तर पुष्कळदा लाकडात आणि जमिनीत असतं.

तपासणी 1: आजूबाजूला बघा

खर्च शून्य. परिसरातली त्याच जातीची झाडं शोधा आणि शक्य तितकी बघा, एकावर थांबू नका. त्यांतली काही जरी विरळ झालेली असतील, तर तुमचं झाड त्यांच्यासोबतच चाललंय. सगळी हिरवी असतील तरी लगेच घाबरू नका. खडकाळ, उथळ जमिनीवरचं झाड खोल मातीतल्या झाडाच्या आधी पानं टाकतं. रोपं आणि बुंध्याजवळच्या खालच्या फांद्या पुष्कळदा पानं धरून ठेवतात, म्हणून वाढत्या वयात झाड "पहिल्यांदाच" बोडकं झाल्यासारखं वाटतं.

कोरडा हंगाम सोडून भर पावसाळ्यात पानगळ झाली असेल तर ती नैसर्गिक असण्याची शक्यता फार कमी. तेव्हा ही पायरी सोडून थेट मातीकडे जा.

तपासणी 2: गळालेलं पान उचला

माझ्या मते ही सगळ्यात मोलाची तपासणी आहे आणि सगळ्यात कमी लोक ती करतात. किती पानं गळाली यापेक्षा ती कशी गळाली यावरून जास्त कळतं.

पान उलटं धरा आणि देठाचं टोक बघा. झाडाने स्वतःहून सोडलेल्या पानाचा देठ तळाशी किंचित फुगीर असतो आणि तिथला काप स्वच्छ, गुळगुळीत असतो. धागे लोंबत नाहीत. आता फांदीवर ते पान जिथे होतं ती जागा शोधा. तिथे छोटासा, कोरडा, बुचासारखा वण असतो. नीट पाहिलं तर त्या वणात बारीक ठिपके दिसतात. पानात जाणाऱ्या नळ्या तिथे बंद झालेल्या असतात.

हे का महत्त्वाचं, ते सांगतो. पान गाळणं हे झाडाने केलेलं काम आहे. आधी पानातलं हरितद्रव्य मोडतं, नत्र आणि स्फुरद यांचा मोठा वाटा फांदीत परत ओढला जातो, म्हणून पान पिवळं पडतं. पानाकडून येणारं ऑक्झिन हे वाढीचं संप्रेरक कमी होतं, पानगळ घडवणाऱ्या एथिलीन या वायूरूप संप्रेरकाचा प्रभाव वाढतो, देठाच्या तळाशी पेशींचा एक थर मोकळा होतो आणि खालची जखम बुचाने बंद होते. यातलं प्रत्येक पाऊल जिवंत पेशींना उचलावं लागतं. मेलेल्या फांदीला पान गाळता येत नाही. म्हणून वाळून तपकिरी झालेली पानं फांदीला चिकटून राहिली असतील, ओढल्यावर देठ फाटत असेल, तर ती फांदी पानं सोडण्याआधीच मेली. बोडक्या झाडापेक्षा वाळक्या पानांनी भरलेलं झाड मला जास्त अस्वस्थ करतं.

महोगनी, करंज, पर्जन्यवृक्ष यांची पानं संयुक्त असतात, म्हणजे एका दांडीवर अनेक छोट्या पर्णिका. त्यांच्या पर्णिका कधी सुट्या गळतात आणि मधली दांडी मागाहून पडते. त्या झाडांत दांडीचा तळ बघा, पर्णिकेचा नव्हे.

रंगही बघा. सगळं पान सारखं पिवळं किंवा लालसर, आणि जुनी पानं आधी, तर ठीक. गर्द हिरवी पानं ढिगाने पडत असतील तर झाडाला धक्का बसलाय: जागा बदलली, मुळं तुटली, पाणी साचलं किंवा तणनाशक उडालं. कडा करपल्या असतील तर क्षार किंवा मुळांचं दुखणं.

तपासणी 3: डोळे आणि साल

फांदीचं टोक आणि वणाच्या लगेच वरचा डोळा, म्हणजे जिथून पालवी फुटते तो कोंब, बघा. जिवंत डोळा टणक, भरीव असतो. नखाने चिरला तर आत हिरवट ओल दिसते. मेलेला डोळा चुरगळतो.

मग पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीवर नखाने साल अगदी वरवर खरवडा. तपकिरी पापुद्र्याखाली हिरवा, ओलसर थर दिसला तर फांदी जिवंत आहे. टोकाला कोरडं तपकिरी निघालं तर वीतभर खाली या आणि पुन्हा खरवडा. हिरवं कुठे सुरू होतं ती जागा सुतळीने खुणेची करून ठेवा. हे झाडाच्या चारही बाजूंना करा, कारण मुळांचा बिघाड बरेचदा एका बाजूला असतो आणि वरही त्याच बाजूच्या फांद्या वाळतात. फांदीभोवती गोल खरवडू नका, त्याने ती फांदी खरंच मरेल. मुख्य खोडावर सुरी चालवू नका.

फांदी वाकवून बघण्याची पद्धत अनेक जण सांगतात. तिच्यावर माझा फारसा भरवसा नाही, कारण काही झाडांच्या जिवंत काटक्याही कडकन मोडतात.

इथवर सगळं नीट निघालं, म्हणजे देठ स्वच्छ, डोळे भरीव, साल हिरवी, तर तुमचं काम जवळपास झालं. पहिल्या चांगल्या पावसानंतर सहा ते आठ आठवडे वाट बघायची माझी तयारी असते. तोवर हिरवा थर खाली सरकत नाहीये ना, एवढंच अधूनमधून खरवडून बघा. छाटणीची घाई करू नका. या गटातल्या अनेक जाती रिकाम्या फांद्यांवरच फुलतात आणि छाटणीत कळ्याच जातात.

तपासणी 4: माती आणि पाणी

खरी बिघडलेली झाडं मला सगळ्यात जास्त या पायरीवर सापडतात, म्हणून इथे वेळ द्या.

पानं हीच झाडाची पाणी ओढणारी यंत्रणा. पानं गेली की मुळांकडून पाण्याचा उपसा जवळपास थांबतो. अशा वेळी आळं रोज भरलं तर ते पाणी तिथेच बसतं. मातीतल्या पोकळ्यांमधली हवा निघून जाते आणि पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या मानाने सुमारे 10,000 पट मंद सरकतो. मुळं गुदमरतात. त्यातच पाण्यातून पोहत जाऊन मुळांना लागणाऱ्या फायटोफ्थोरासारख्या रोगकारकांचं फावतं. बाहेरून काहीच दिसत नाही, कारण झाडावर पानंच नसतात. पालवी फुटल्यावर हिशोब उघड होतो: पानं बारीक, फिकट, आणि ओल्या मातीत उभं राहून कोमेजलेली. लोकांना वाटतं तहान लागलीय, आणखी पाणी दिलं जातं.

बुंध्यापासून हात-दीड हात लांब, खुरप्याने वीतभर खोल खड्डा करा. वरची माती बघून काही कळत नाही. वर धूळ आणि खाली चिखल हे मी नेहमी बघतो. खालची माती मुठीत दाबा. गोळा होऊन बोटाने टोचल्यावर फुटला, तर वाफसा, म्हणजे हवी तेवढीच ओल, आहे. पाणी निथळलं किंवा गोळा चिकट राहिला, तर जास्त झालंय. कुजक्या अंड्यासारखा वास आला, तर तिथे हवा पोचून बरेच दिवस झालेत.

हिरवळीच्या मध्ये लावलेल्या झाडाचं दुखणं वेगळंच. हिरवळीला रोज पाणी लागतं, बोडक्या झाडाला नको असतं, आणि फवारा दोघांवर सारखाच चालतो. झाडाखालची हिरवळ काढून तिथे पालापाचोळ्याचं आच्छादन घालणं हाच उपाय मला लागू पडलेला दिसलाय.

मग द्यायचं किती? जमिनीत रुजलेल्या मोठ्या झाडाला निष्पर्ण काळात बहुधा काहीच नाही. लावून दोनेक वर्षंच झालेल्या रोपाला अंतराअंतराने, सावकाश, खोलवर मुरेल असं. कुंडीतल्या झाडाला वरची निम्मी माती सुकल्यावरच, आणि कुंडीचं भोक मोकळं आहे का ते काडी घालून बघा. डोळे फुगू लागले की मगच पाणी हळूहळू वाढवा. खत पानं पूर्ण उलगडल्यावर. रिकाम्या झाडाला घातलेलं रासायनिक खत उचलायला कुणी नसतं; मातीतले क्षार वाढतात आणि उरलीसुरली मुळं भाजतात.

गळालेली पानं झाडाखालीच राहू द्या, जाळू नका. या जंगलांत पाचोळा कोरड्या हंगामात साठतो आणि पहिल्या पावसाबरोबर कुजायला लागतो, म्हणजे मुळं जागी होतात नेमकं तेव्हाच त्यातलं अन्न मोकळं होतं. फक्त बुंध्याला टेकून ढीग नको, तिथे ओल धरते. पानांवर रोगाचे ठिपके असतील तर मात्र तो पाला उचलून टाका.

तपासणी 5: बुंध्याचा तळ

निरोगी झाडाचा बुंधा जमिनीपाशी रुंदावतो आणि मुळांचे कंगोरे दिसतात. तुमचं झाड खांबासारखं सरळ मातीत शिरत असेल तर वर भराव पडलाय किंवा ते खोल लावलंय. हाताने माती बाजूला करत मुळं फुटतात तिथपर्यंत या. गाडलेली साल सतत ओली राहून कुजते. खोडाला विळखा घातलेलं मूळही इथेच सापडतं. ते अंगठ्याहून बारीक असेल तर कापा, जाड असेल तर राहू द्या आणि जाणकाराला दाखवा.

गेल्या काही वर्षांत जवळपास चर खणला, फरशी बसवली, भिंत बांधली का, ते आठवा. मुळं तुटल्याचा परिणाम वर दिसायला काही वर्षंही लागतात.

तपासणी 6: कीड

भिंगाने उरलेल्या पानांची मागची बाजू बघा: लाल कोळी, पिठ्या ढेकूण, खवले कीड. पानांच्या नुसत्या शिरा उरल्या असतील तर अळ्यांनी पाला खाल्लाय. सशक्त झाड एकदा झालेला असा हल्ला सहसा पचवतं.

तरुण महोगनी आणि तून या झाडांच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. बाकी झाड ठीक आणि फक्त कोवळा शेंडा मान टाकून काळा पडला असेल, त्यावर भोक आणि चिकट भुसा असेल, तर ती हिप्सिपायला नावाची शेंडा पोखरणारी अळी आहे. भोकाच्या खाली निरोगी लाकडापर्यंत शेंडा कापा, आतली अळी नष्ट करा आणि नंतर येणाऱ्या फुटव्यांतला एकच सरळ फुटवा वाढवा, नाहीतर झाड बुटकं आणि फाटे फुटलेलं राहतं.

खोडावर वाळवीची मातीची वाट दिसली की लोक घाबरतात. ती खरवडून खालची साल दाबून बघा. साल टणक आणि आत हिरवी असेल तर वाळवी वरची मेलेली सालच खातेय.

तपासणी 7: मुळं

ही शेवटी, कारण यात झाडाला इजा होते. कुंडीतलं झाड सावकाश बाहेर काढा. पांढरी किंवा फिकट, टणक मुळं चांगली. काळी, मऊ, चिमटीत धरल्यावर बाहेरचं आवरण सुटून हातात येणारी मुळं कुजलेली. ती कापा, निचरा होईल अशी नवी माती भरा, एकदा पाणी द्या आणि सावलीत ठेवा. जमिनीतल्या झाडाच्या फांद्यांच्या घेराखाली एकाच जागी छोटा खड्डा करून बारीक मुळं तेवढी बघा. झाडाभोवती गोल खणू नका.

तरीही कारण सापडलं नाही, तर मातीचा सामू (pH) आणि क्षारता प्रयोगशाळेतून तपासून घ्या. पाणी जड असेल तर तेही सोबत द्या.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

- बुंध्यावर किंवा मुळांवर छत्रीसारखी, लाकडी कडकपणाची बुरशी उगवली आहे. आतलं लाकूड किती कुजलंय हे बाहेरून ठरवता येत नाही, आणि वर हिरवी पानं असली तरी झाड कोसळू शकतं.
- झाड नव्याने कललंय, किंवा बुंध्याजवळची जमीन उचलली गेली आहे, भेगाळली आहे. त्याच दिवशी खालची जागा रिकामी करा.
- खोडावर ठोकल्यावर पोकळ आवाज येतो, लांब उभी चीर आहे, किंवा रस सतत पाझरतोय.
- वाळलेली मोठी फांदी घरावर, रस्त्यावर किंवा वीजतारांवर आहे. शिडी लावून स्वतः चढू नका. वाळकं लाकूड कधी सुटेल याचा भरवसा नाही.
- हिरवा थर दर पंधरवड्याला खाली सरकतोय.
- एकाच जातीची अनेक झाडं एका हंगामात पानं न गाळता वाळली. हा पसरणारा रोग असू शकतो. तिथे वापरलेली कात्री, खुरपं दुसऱ्या झाडाला लावू नका.

बुरशीनाशक "घालून तर बघू" म्हणून ओतू नका. चुकीचं औषध मुळांशी राहणाऱ्या उपयोगी बुरशीला मारतं आणि नंतर तपासणाऱ्यालाही खरी लक्षणं दिसत नाहीत.

जाणकार येईल तेव्हा त्याच्या हातात या गोष्टी द्या: पानगळ साधारण कधी सुरू झाली, आधीच्या वर्षी कधी झाली होती, पाणी कधी आणि किती दिलं, आसपास काय खणलं. फोटो पूर्ण झाडाचा, बुंध्याच्या तळाचा आणि देठाच्या टोकाचा घ्या. पानं आणि काटक्या कागदी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये त्या घामेजतात आणि दुसरीच बुरशी धरतात. सुतळीच्या खुणा तशाच राहू द्या.